बांधलेले क्रियापद आणि सुटे क्रियापद

श्रोतेहो, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. तुमचे गाव दुसरे असेल; पण आजच्या बोलण्यापुरते आपण साखऱ्याच्या शाळेत जाऊन बसू या. समजा, तिथल्या सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलाची इंग्रजीची वही आपण उघडली आणि तीत ही तीन वाक्ये सापडली: ‘द बॉय डज नॉट गोज टू स्कूल’, ‘द बॉय डिड नॉट वेंट टू स्कूल’ आणि ‘माय व्हिलेज साखरा’. तिन्ही वाक्यांखाली तांबडी रेघ आहे. मुलगा रेघ पाहतो, दुरुस्त वाक्य खाली पाच वेळा उतरवून काढतो, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा करतो.

असे का होते? मुलगा आळशी आहे म्हणून नव्हे. तिन्ही चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती त्याला कोणी नीट उलगडून दाखवलेली नाही. व्याकरणाच्या पुस्तकात तिला ‘फायनाइट’ आणि ‘नॉनफायनाइट’ क्रियापदांचा भेद म्हणतात. नाव ऐकूनच पोरे पान उलटतात. खरे सांगायचे तर पुष्कळ शिक्षकही व्याख्या पाठ करून घेतात आणि पुढे सरकतात. पण हा भेद मुलाला अगोदरच येतो, बरं का! तो मराठीतून येतो. साखऱ्याचे पाच वर्षांचे पोरसुद्धा बोलताना त्यात चुकत नाही. त्याला जे येते ते फक्त त्याच्यासमोर मांडून दाखवायचे आहे.

मराठवाड्यातल्या घरांना ही गरज अधिक का, तेही सांगतो. निजामी अमलात इथले वरच्या वर्गांचे शिक्षण मुख्यतः उर्दूतून होई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, १९६० साली महाराष्ट्र झाला. पुढे मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवीत, आणि २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे एकाच घरात आजोबांची शाळा एका तऱ्हेची, बापाची दुसऱ्या आणि पोराची तिसऱ्या तऱ्हेची. पोराची वही पाहून त्याला काही सांगावे, तर घरात सांगणारा नाही. त्याचा सारा भार गावातल्या शिक्षकावर आणि थोडाफार आमच्यासारख्या बोलणाऱ्यांवर पडतो.

आता मराठीकडे वळू. ‘जा’ हा धातू घ्या. त्याची काही रूपे अशी: जातो, जाते, जातात, जाईल, जाशील. आणि काही अशी: जाऊन, जाताना, जाणारा, गेलेला, जायला, जाणे. पहिल्या ओळीतले एखादे रूप घेऊन वाक्य करा. ‘गणू शाळेत जातो.’ ऐकणाऱ्याचे समाधान झाले. दुसऱ्या ओळीतले घ्या. ‘गणू शाळेत जाऊन...’ ऐकणारा तोंडाकडे पाहत राहतो. ‘जाऊन काय केले?’ असे तो विचारणारच. ‘शाळेत जाणारा गणू...’ पुढे? ‘शाळेत जाताना गणू...’ पुढे काय झाले? ही रूपे कितीही लांबवली तरी वाक्य मिटत नाही.

याचे कारण असे. ‘जातो’ हे रूप कोणाला तरी बांधलेले आहे. ‘मी जातो, तू जातोस, ते जातात’ असे कर्ता बदलला की तेही बदलते. काळालाही ते बांधलेले आहे: आज ‘जातो’, उद्या ‘जाईल’. उलट ‘जाऊन’ पाहा. मी जाऊन, तू जाऊन, त्या बाया जाऊन, काल जाऊन, उद्या जाऊन. रूप ते तेच. बैल दावणीला बांधलेला असला की खुंट्याभोवतीच फिरतो, आणि दावे सोडलेले वासरू कुठेही हिंडते. तसेच हे आहे. म्हणून आज मी पहिल्याला बांधलेले क्रियापद म्हणणार आहे आणि दुसऱ्याला सुटे. इंग्रजीतला ‘फायनाइट’ हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या हद्द किंवा शीव अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. ज्याला कर्त्याची आणि काळाची शीव घातलेली आहे ते ‘फायनाइट’. मुलांना वाटते की वाक्य ‘फिनिश’ करते ते ‘फायनाइट’. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे खरे. पण नुसते तेवढे धरून बसले तर वाक्याच्या शेवटी येणारे प्रत्येक क्रियापद बांधलेले वाटू लागते, आणि इंग्रजीत ते तसे नसते.

हा भेद आपल्याकडे नवा नाही. संस्कृत व्याकरणात बांधलेल्या रूपाला तिङन्त म्हणतात आणि सुट्याला कृदन्त. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. तेव्हापासून आख्यात आणि धातुसाधित ही नावे मराठी शाळांत रुळलेली आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी एवढेच करावे: मराठीच्या तासाला धातुसाधिते शिकवताना जो फळा भरतो तो पुसू नये. इंग्रजीच्या तासाला तोच कामी येतो.

आता इंग्रजी. पहिली अडचण रूपांची. मराठीत रूपांचा सुकाळ आहे, तर इंग्रजीत दुष्काळ. ‘वॉक’ म्हणजे चालणे. त्याची सगळी मिळून चार रूपे: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. या चारांत दोनच रूपे सरळ आहेत. ‘वॉक्स’ नेहमी बांधलेले असते, ‘वॉकिंग’ नेहमी सुटे. उरलेली दोन, ‘वॉक’ आणि ‘वॉक्ड’, दोन्हीकडची आहेत; एका वाक्यात बांधलेली, दुसऱ्यात सुटी. नुसत्या चेहऱ्यावरून त्यांची ओळख पटत नाही, म्हणून मुले चकतात. मला विचाराल तर वर्गात सुरुवात ‘बी’ या क्रियापदापासून करावी. त्याची आठ रूपे आहेत आणि त्यांची वाटणी चांगली स्वच्छ आहे. ॲम, इज, आर, वॉज, वेअर ही पाच बांधलेली. बी, बीइंग, बीन ही तीन सुटी. ‘बी क्वाएट’ अशी आज्ञा तेवढी वेगळी, तिचा विचार सावकाश करता येतो.

आता ती पहिली तांबडी रेघ पाहू. ‘द बॉय डज नॉट गोज.’ मुलाला सांगा, याचे मराठी कर. तो म्हणेल, ‘मुलगा जात नाही.’ आता ‘मुलगे’ घे. ‘मुलगे जात नाहीत.’ ‘तू’ घे. ‘तू जात नाहीस.’ पाहा, काय बदलले? ‘नाही’ बदलले, ‘जात’ जागचे हलले नाही. म्हणजे या वाक्यात दावे ‘नाही’च्या गळ्यात आहे आणि ‘जात’ सुटे आहे. ‘मुलगा जातो नाही’ असे साखऱ्यात कोणी म्हणेल काय? म्हटले तर पोरे हसतील. इंग्रजीत नेमके हेच आहे. ‘द बॉय डज नॉट गो’, ‘द बॉइज डू नॉट गो’. ‘डज’ आणि ‘डू’ बदलतात, ‘गो’ हलत नाही. ‘डज’च्या गळ्यात दावे पडले की ‘गो’ सुटे होते, आणि सुट्या रूपाला ‘एस’चे शेपूट लागत नाही. ‘डज नॉट गोज’ म्हणणे म्हणजे ‘जातो नाही’ म्हणणे. एवढे मुलाच्या कानाला लागले की ही चूक पुष्कळशी आपोआप जाते, असे मला वाटते.

दुसरी रेघ जरा अवघड आहे, आणि तिथे मुलाची बाजू घ्यावी लागते. ‘द बॉय डिड नॉट वेंट.’ याचे मराठी ‘मुलगा गेला नाही’. इथे ‘गेला’ भूतकाळातच राहिला आहे. ‘मुलगी गेली नाही, मुलगे गेले नाहीत’ असे ‘गेला’ही बदलते आणि ‘नाही’ही बदलते. मराठीचे भूतकाळी रूप नकार आला तरी भूतकाळ सोडत नाही. मुलाने तेच इंग्रजीत केले. ‘नाही’साठी ‘डिड नॉट’ घातले आणि ‘गेला’साठी ‘वेंट’ तसेच ठेवले. त्याच्या मातृभाषेच्या हिशेबाने त्याचे बरोबर आहे! पण इंग्रजीचा कायदा निराळा: भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच, आणि तीही बांधलेल्या शब्दावर. ‘डिड’ने ती खूण उचलली की मागे राहते सुटे ‘गो’. म्हणून ‘द बॉय डिड नॉट गो’. प्रश्नातही तेच. ‘मुलगा गेला का?’ याचे ‘डिड द बॉय गो?’ होते, ‘डिड द बॉय वेंट?’ होत नाही.

तेव्हा शिक्षकांना सुचवावेसे वाटते की या दोन चुका एकाच मापाने मोजू नयेत. पहिली चूक मुलगा मराठीकडे लक्ष न दिल्यामुळे करतो. तिथे मराठीची आठवण द्यावी. दुसरी तो मराठीच्या मागे गेल्यामुळे करतो. तिथे सावध करावे. दोन्ही ठिकाणी नुसते ‘डू, डज, डिडनंतर मूळ रूप’ हे सूत्र घोकून घेतले तर चार दिवस टिकते.

हेच सूत्र पुढे लांबवता येते. मराठीत ‘तो जाऊ शकतो’ यात ‘जाऊ’ सुटे आणि ‘शकतो’ बांधलेले. इंग्रजीत ‘ही कॅन गो’. ‘कॅन’ बांधलेले, त्याच्या मागे ‘गो’ सुटे. ‘कॅन गोज’ नाही. ‘कॅन’ला स्वतःला ‘एस’ लागत नाही ही त्या जातीच्या शब्दांची खोड आहे. मस्ट, मे, विल, शॅल यांचीही तीच. क्रियापदांची लांब माळ असली तरी न्याय हाच. ‘शी हॅज बीन स्लीपिंग’ या तीन शब्दांत दावे एकाच्याच गळ्यात, पहिल्याच्या. ‘दे हॅव्ह बीन स्लीपिंग’ केले तर ‘हॅज’चे ‘हॅव्ह’ होते, पण ‘बीन’ आणि ‘स्लीपिंग’ यांना त्याची खबरही नसते. मराठीत माळेचे टोक बांधलेले असते, इंग्रजीत माळेचे तोंड. एवढा उलटा क्रम ध्यानात ठेवा.

सेनगावाकडून वाशीम-रिसोडच्या अंगाला गेले की वऱ्हाडी बोली कानावर पडते. तिथे ‘तो जाऊन राहिला’ म्हणतात, म्हणजे तो आत्ता जातो आहे. काही शिष्ट लोक त्याला नाक मुरडतात. मला मात्र तो वर्गात फार उपयोगाचा वाटतो. ‘जाऊन’ सुटे, ‘राहिला’ बांधलेले. आणि इंग्रजीत ‘ही इज गोइंग’. ‘गोइंग’ सुटे, ‘इज’ बांधलेले. पुस्तकी मराठीपेक्षा ही बोली इंग्रजीच्या घडणीला कितीतरी जवळ आहे! मुलाने ती बोलली तर त्याला गप्प करू नका, फळ्यावर लिहा.

तिसरी रेघ: ‘माय व्हिलेज साखरा.’ इथे खुंटा मोकळाच आहे. मराठीत ‘माझे गाव साखरा’ हे पुरे वाक्य आहे. ‘हे आमचे घर’, ‘त्याचे नाव गणपत’ ही वाक्ये आपण क्रियापदावाचून बोलतो आणि त्यात काही उणे वाटत नाही. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे दर वाक्याला एक बांधलेले क्रियापद लागतेच, मग सांगायला काही क्रिया असो वा नसो. नसेल तर ‘इज’ आणून बांधावे लागते: ‘माय व्हिलेज इज साखरा.’ ही चूक वहीपुरती राहत नाही. पुढे मुलगा मोठा होतो, घरच्यांसाठी किंवा स्वतःसाठी कुठल्या कचेरीत, बँकेत इंग्रजीतून अर्ज लिहितो: ‘माय फादर सफरिंग फ्रॉम फीव्हर.’ ‘सफरिंग’ हे सुटे रूप आहे. ते कितीही भारदस्त दिसले तरी वाक्य उभे करू शकत नाही. ‘माय फादर इज सफरिंग’ असे हवे. वाचणाऱ्याला अर्थ कळतो हे खरे, पण त्या एका ‘इज’वाचून अर्ज लिहिणाऱ्याची परीक्षा होऊन जाते. हा अन्याय आहे असे मला वाटते, पण तो घडतो.

दावे कोणाशी बांधायचे, यातही दोन भाषांचे जमत नाही. ‘मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली, मुलाने आंबे खाल्ले.’ खाणारा एकच, पण क्रियापद खाद्याप्रमाणे बदलले. आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. ‘खाल्ला’, ‘गेला’ ही ‘ला’ची रूपे मुळात संस्कृत-प्राकृतातल्या सुट्या रूपांपासून आली आणि पुढे मराठीत बांधलेली झाली; त्यांची जुनी सवय अशी राहून गेली. ‘मुलाने आंबे खाल्ले आहेत’ यातले ‘आहेत’ आंब्यांकडे पाहते. मग मुलगा ‘द बॉय हॅव्ह ईटन मँगोज’ लिहितो, कारण आंबे पुष्कळ आहेत. इंग्रजी क्रियापद आंब्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचे दावे नेहमी कर्त्याला: ‘द बॉय हॅज ईटन मँगोज.’

आता थोडे शेतात जाऊ. हिंगोली-वसमतचा भाग हळदीचा. समजा, तुम्ही म्हणालात, ‘बाबा हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात नेतात.’ केवढे वाक्य! आणि त्यात बांधलेले क्रियापद एकच, ‘नेतात’. मागची चार सुटी. मराठीला ही ‘ऊन’ची आगगाडी फार आवडते. हिंदी-उर्दूतले ‘जाकर’ हे त्याच जातीचे, आणि शेजारच्या तेलुगूतले ‘वेळ्ळि’ म्हणजे ‘जाऊन’ हेही. आपल्या देशातल्या पुष्कळ भाषांची ही चाल आहे. इंग्रजीची ही चाल नाही. तिथे ‘हॅविंग डग, हॅविंग बॉइल्ड’ असे डबे जोडले तर वाक्य चुकत नाही, पण कोणी तसे बोलत नाही. इंग्रज माणूस सरळ पाच बांधलेली क्रियापदे एकापुढे एक ठेवील: ‘फादर डिग्ज द टर्मरिक, बॉइल्स इट, ड्राइज इट, पॉलिशेस इट अँड टेक्स इट टू मार्केट.’ पाचांनाही ‘एस’, कारण पाचांचे दावे ‘फादर’ला. भाषांतर शिकवताना ‘ऊन’ दिसले की ‘हॅविंग’ लिही, असे मुलांना सांगू नये. ‘अँड’ पुष्कळ ठिकाणी पुरे.

‘ताना’च्या बाबतीत तर खराच धोका आहे. ‘शाळेत जाताना पाऊस आला.’ मराठीत निर्दोष वाक्य. जाणारा मी, येणारा पाऊस. मराठीला त्याचे काही वाटत नाही. याचे शब्दाला शब्द इंग्रजी केले तर ‘गोइंग टू स्कूल, द रेन केम’ असे होते, आणि वाचणाऱ्याला वाटते की पाऊसच दप्तर घेऊन शाळेला निघाला! इंग्रजीत अशा सुट्या ‘गोइंग’चा धनी म्हणून वाक्याचा कर्ताच धरला जातो. धनी वेगळा असेल तर सुटे रूप सोडून बांधलेले घ्यावे: ‘व्हाइल आय वॉज गोइंग टू स्कूल, इट बिगॅन टू रेन.’

आता त्या दोन तोंडांच्या रूपांकडे येतो. मराठीत ‘विकला’ आणि ‘विकलेला’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘हिंगोलीला विकला’ म्हटले की वाक्य संपले. ‘हिंगोलीला विकलेला’ म्हटले की बैल पुढे यायचा आहे. इंग्रजीत दोहोंना ‘सोल्ड’च. ‘द बुलक सोल्ड ॲट हिंगोली वॉज व्हाइट.’ मुलगा ‘सोल्ड’पाशी थांबतो आणि ‘बैलाने विकले’ असा अर्थ लावतो. बैलाने काय विकले, हे त्याला कळत नाही आणि गुरुजींनाही सांगता येत नाही. खरा अर्थ ‘हिंगोलीला विकलेला बैल पांढरा होता’. बांधलेले क्रियापद ‘वॉज’, आणि ‘सोल्ड’ सुटे.

मग ओळखायचे कसे? याला एक सोपी कसोटी आहे आणि तिला व्याख्या लागत नाही. वाक्यातला काळ बदलून पाहा, नाहीतर एकाचे अनेक करून पाहा. जो शब्द हलला तो बांधलेला. ‘ही वॉन्ट्स टू सेल द कॉटन ब्रॉट फ्रॉम द फील्ड.’ म्हणजे शेतातून आणलेला कापूस त्याला विकायचा आहे. आता हीच गोष्ट कालची करा: ‘ही वॉन्टेड टू सेल द कॉटन ब्रॉट फ्रॉम द फील्ड.’ ‘दे’ घ्या: ‘दे वॉन्ट टू सेल...’ हलला तो एकटा ‘वॉन्ट्स’. ‘सेल’ आणि ‘ब्रॉट’ जागेवर आहेत. म्हणून ‘टू’च्या पुढे ‘सोल्ड’ किंवा ‘वेंट’ कधी येत नाही. ‘टू’ने दावे सोडवलेले असते. मराठीत ‘विकायला’, ‘जायला’ यांना कुठे भूतकाळ असतो? ‘कट’, ‘पुट’ यांसारखी काही क्रियापदे काल-आजमध्ये बदलत नाहीत. तिथे ‘ही’ घालून पाहावे. ‘कट्स’ झाले तर बांधलेले.

वर्गात हे कसे करावे? फळ्यावर एक उतारा लिहावा आणि मुलांना बांधलेल्या शब्दांभोवती गोल काढायला सांगावे. नावे, व्याख्या, पोटप्रकार पहिल्या महिन्यात तोंडातून काढू नयेत. इन्फिनिटिव्ह, जेरंड, पार्टिसिपल ही नावे पुढे परीक्षेपुरती शिकवता येतात. ज्याला गोल काढता येतो त्याला ती नावे दोन दिवसांत येतात. नुसती नावे येणाऱ्याला गोल काढता येईलच असे नाही. दर गोलामागे त्याचा कर्ता विचारावा. कर्ता सापडला नाही तर गोल चुकला.

नमुन्यासाठी आपल्याच जिल्ह्यातला उतारा घेऊ. हिंगोलीजवळचे नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानतात, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यावर तीन वाक्ये अशी: ‘नामदेव, बॉर्न ॲट नरसी, वेंट टू पंजाब टू टीच द पीपल. वॉकिंग फ्रॉम व्हिलेज टू व्हिलेज, ही सँग इन अ लँग्वेज दे कुड फॉलो. द सिख्स हॅव्ह केप्ट हिज हिम्स इन देअर होली बुक.’

आता गोल काढा. पहिल्या वाक्यात ‘वेंट’ एकटे. ‘बॉर्न’ म्हणजे जन्मलेले आणि ‘टीच’ म्हणजे शिकवायला, दोन्ही सुटी. दुसऱ्यात ‘सँग’ला एक गोल, त्याचा कर्ता ‘ही’. आणि ‘कुड’ला दुसरा, त्याचा कर्ता ‘दे’. त्या वाक्याच्या पोटात एक लहान वाक्य आहे म्हणून तिथे गोल दोन आले. ‘वॉकिंग’ सुटे, त्याचा धनी ‘ही’च, म्हणून तिथे पावसासारखा घोटाळा नाही. ‘फॉलो’ हे ‘कुड’च्या मागचे, सुटे. तिसऱ्या वाक्यात मात्र काही मुले ‘केप्ट’भोवती गोल काढतील. त्यांना म्हणावे, ‘द सिख्स’च्या जागी ‘द टेंपल’ घाल आणि वाक्य मोठ्याने म्हण. ‘द टेंपल हॅज केप्ट.’ ‘हॅव्ह’चे ‘हॅज’ झाले, ‘केप्ट’ होते तसेच राहिले. गोल ‘हॅव्ह’भोवती.